दोन आर्मेचर खाल्लेली येझदी

मिरजेच्या मामांचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, पुण्यात येझदीचं आर्मेचर मिळतं का रे?" मी म्हणालो, "मिळेल मामा, नाना पेठेत बघतो." माझी पहिली चूक तिथंच झाली. आर्मेचर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोतला तारा गुंडाळलेला फिरता गाभा, कशाला हवंय, हे मी विचारलंच नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी एक आर्मेचर मागवून बसवलं होतं, हे मला पुढच्या फोनला कळलं.

गाडी म्हणजे 1978 सालची मोटरसायकल, येझदी 250. मामांनी नवी घेतलेली, 2004 पर्यंत रोज चालवलेली आणि मग गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी. गेल्या वर्षी त्यांनी ती पूर्ण सोडवून रंगवून घेतली. रंग झकास झाला. क्रोम झालं, सीट झाली, पिस्टन झाला. तीनेकशे किलोमीटर गाडी नीट चालली आणि एके दिवशी हेडलाइटमधला चार्जिंगचा लाल दिवा विझेना. मिस्त्रीनं डायनामो उघडला तर आर्मेचरची एक कॉइल काळी पडलेली. त्यानं कुरिअरनं नवं आर्मेचर मागवलं. ते 170 किलोमीटर चाललं. तेही जळालं.

त्याखेरीज आणखी दोन तक्रारी होत्या. गाडी पंधरा-वीस किलोमीटर गेली की खोकत बंद पडायची आणि अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायची. आणि हेडलाइट. मामांच्याच शब्दांत, "समोर उजेड पडतोय का बघायला बॅटरी लावावी लागते."

पार्ट का मिळत नाहीत

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं 1961 पासून चेक जावाच्या परवान्यावर गाड्या बनवल्या. 1973 पासून त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी नावानं निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. नवी जावा 2018 मध्ये आणि नवी येझदी 2022 मध्ये बाजारात आली खरी, पण टाकीवरचं नाव सोडलं तर जुन्या गाडीशी तिचं काही नातं नाही. शोरूममध्ये विचारायला गेलो तर काउंटरवरच्या मुलानं 6 व्होल्ट हे शब्द ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

तरी जुन्या येझदीचं पुष्कळ सामान आजही मिळतं. सायलेन्सर, रबरं, केबल, क्लच प्लेटा, गिअर, सगळ्याच्या नकला होतात. ज्याच्याकडे लेथ आणि नमुना आहे तो बनवू शकतो, आणि बनवलेली वस्तू बरोबर आहे की नाही हे व्हर्नियर लावून दिसतं. विजेच्या पार्टचं तसं नाही. आर्मेचरच्या आत तार कुठल्या गेजची आहे, वेढे किती आहेत, खाचेत इन्सुलेशनचा कागद घातलाय की नुसतं वार्निश फासलंय, हे बाहेरून कळत नाही. डबी चकचकीत असली की माल खपतो.

मी पुण्यात दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात घालवले. जुनं आर्मेचर एक मिळालं, त्याचा कम्युटेटर, म्हणजे ज्या तांब्याच्या पट्ट्यांवरून कार्बन करंट उचलतात तो भाग, इतका घासलेला की पट्ट्यांखाली काही उरलंच नव्हतं. नाना पेठेत एका दुकानात 'ओरिजिनल, जुना स्टॉक' म्हणून कटाउट दाखवला, म्हणजे डायनामोचं चार्जिंग आवरणारा आणि तो बॅटरीला जोडणारा-तोडणारा रेग्युलेटर. पिवळट पडलेला खोका, वर जुन्या पद्धतीचं लेबल. मी खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवतो. तो टर्मिनलच्या स्क्रूला लावला आणि टचकन चिकटला. मूळ मालात हे स्क्रू पितळी असतात. लोखंडी स्क्रूवर पिवळा मुलामा दिलेला होता. दुकानदारानं न सांगता खोका परत कपाटात ठेवला.

चेक प्रजासत्ताकातल्या वापे कंपनीचा 12 व्होल्टचा संच हा दुसरा मार्ग होता. जुना डायनामो काढायचा, त्या जागी चुंबकाचा रोटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. जगभर जावावाले हे करतात आणि रोज गाडी चालवायची असेल तर मीही तेच सुचवेन. पण परदेशातून मागवायचा खर्च मोठा, आणि मामा म्हणाले, "लाल दिवा विझला पाहिजे बाळा. नवीन काही नको." तिथं चर्चा संपली.

उद्यमनगरातले चाचा

म्हणून जळालेली दोन्ही आर्मेचरं फडक्यात गुंडाळून कोल्हापूरला गेलो. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत. मिरजेहून पन्नासेक किलोमीटर. मला पाठवलं होतं ते एका चाचांकडे. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी, समोर टेबलावर तांब्याच्या तारांचे गुंडे आणि वार्निशचा वास.

मी माझं भाषण सुरू केलं: 6 व्होल्टचा डायनामो, मूळ चेक डिझाइन 45 वॅटचं, वगैरे. चाचांनी ऐकून घेतलं असावं. मूळ आर्मेचर हातात घेऊन ते खिडकीकडे वळले आणि सावकाश फिरवू लागले. मग अंगठ्याचं नख लोखंडी पत्र्यांच्या थरावरून ओढलं.

"हे करंटनं जळालं नाही," ते म्हणाले. "घासलंय."

मी बघितलं. पत्र्यांच्या थराच्या बाजूनं आडव्या बारीक रेषा होत्या, सगळीकडून सारख्या, जणू कानस मारली आहे. दुसऱ्या आर्मेचरवर त्याच रेषा आणखी खोल. त्याचं व्हर्नियरवरचं माप मूळापेक्षा 0.2 मिलिमीटर जास्त भरलं. नक्कल करणाऱ्यानं थोडं जाड ठेवलं होतं, म्हणून ते जवळपास अर्ध्या अंतरातच गेलं.

"बेअरिंग बदललं का?" चाचांनी विचारलं.

मी गप्प. मिस्त्रीनं पिस्टन बदलला होता, बोअर केला होता, पण क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो इंजिनाचा दांडा, तसाच बसवला होता.

येझदीचा डायनामो क्रँकच्या उजव्या टोकावर थेट बसतो. आर्मेचरला स्वतंत्र बेअरिंग नाही. ते क्रँकच्या टेपरवर एका लांब बोल्टनं आवळलेलं असतं आणि फील्डच्या, म्हणजे भोवतालच्या स्थिर विद्युतचुंबकाच्या, पोलमधून अगदी थोडं अंतर राखून फिरतं. इंजिनाचं बेअरिंग खेळू लागलं की क्रँक झोके घेतो, आर्मेचर पोलला टेकतं. घासून गरम होतं, पत्रे एकमेकांवर दबतात, खाचेच्या कडेचं इन्सुलेशन फाटतं आणि मग एक कॉइल शॉर्ट होते. आपल्याला दिसते ती फक्त शेवटची जळालेली कॉइल. इग्निशनचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क, उघडणारी कॅमही त्याच टोकावर असते, त्यामुळे पॉइंटची गॅपही हलत राहते आणि टायमिंग कुठल्याच माणसाला सापडत नाही.

मिरजेला परत येऊन मी फील्डचा सांगाडा उन्हात धरून पाहिला. खालच्या पोलवर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर. बाकी सगळं लोखंड तांबूस-काळं आणि तेवढीच जागा आरशासारखी. हा सांगाडा मी आधी दोनदा हातात घेतला होता. तेव्हा मी फक्त कार्बन आणि वायरी बघत होतो.

इंजिन पुन्हा सोडावं लागलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. दोन्हीकडची बेअरिंगं आणि ऑइल सील बदलले. उजवीकडचं सील मऊ पडून फाटलेलं होतं, म्हणजे क्रँककेसमधलं तेलमिश्रित पेट्रोल डायनामोत झिरपत होतं आणि कम्युटेटरवर काळी चिकट साय धरत होती, हे त्यातलं सांगण्यासारखं.

चाचांनी मूळ आर्मेचरच वाइंड करायला घेतलं. दुसऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक न जळालेली कॉइल निवडून ते एकेक वेढा उलगडत गेले आणि भिंतीवर खडूनं पाच-पाचच्या रेघा मारत गेले. मग तारेचं टोक मेणबत्तीवर धरून मुलामा जाळला, फडक्यानं पुसलं आणि मायक्रोमीटरनं जाडी घेतली. मुलाम्यासकट मोजली तर गेज चुकतं, एक-दोन वेढे कमी बसतात, 6 व्होल्टच्या डायनामोत तेवढ्यानंही चार्जिंग उशिरा सुरू होतं. कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत शिरते आणि तिचं टोक कम्युटेटरच्या कितव्या पट्टीवर जातं, याचं चित्र त्यांनी वहीत काढलं. तो कागद मी फोटो काढून ठेवलाय. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही पार्टपेक्षा तो मोलाचा आहे.

वाइंडिंग झालं, वार्निश भट्टीत भाजून झालं. मग कम्युटेटर लेथवर हलकेच साफ केला आणि पट्ट्यांमधला मायका हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यानं अर्धा मिलिमीटर खाली घेतला. मायका तांब्याच्या बरोबरीनं राहिला तर कार्बन त्यावरून उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. कार्बन मात्र नवेच लागले. मूळ मापाचे मिळाले नाहीत. थोड्या मोठ्या मापाचे घेऊन काचेवर घासकागद पसरून घासून बसवले. होल्डरमध्ये सैल सरकतील, पण डुगडुगणार नाहीत, इतपत.

कटाउट

आता माझी दुसरी चूक. आर्मेचर येईपर्यंत मी शहाणपणा करून पुण्यातून एक इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणून ठेवला होता. 6 व्होल्ट, डायनामोसाठी, असं त्यावर स्पष्ट छापलेलं. सगळं बसवलं, गाडी चालू केली, लाल दिवा ढिम्म हलेना. मामा खुर्ची टाकून अंगणात बसलेले. ते काही बोलले नाहीत, पण चहाचा कप खाली ठेवला.

आधी वाटलं चाचांचं वाइंडिंग चुकलं. मग रेग्युलेटर बाजूला काढून डायनामो एकटाच तपासला: फील्डला सरळ पूर्ण करंट दिला आणि आर्मेचरच्या वायरीला 6 व्होल्टचा बल्ब जोडला. इंजिनाला थोडी रेस दिली तर बल्ब पांढराशुभ्र पेटला. म्हणजे डायनामो ठणठणीत. दोष माझ्या नव्या डबीत.

जुन्या डायनामोत फील्डची एक वायर बाहेर येते, दुसरं टोक आतच जोडलेलं असतं. काही डायनामोत ते टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं. तिथं रेग्युलेटर फील्डला प्लस पुरवतो. काहींत ते प्लसच्या कार्बनला जोडलेलं असतं. तिथं रेग्युलेटर फील्ड अर्थ करतो. दोन्ही पद्धतींचे रेग्युलेटर बाहेरून जुळे भाऊ. चुकीचा लावला की फील्डच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज मिळतो, करंट वाहत नाही आणि डायनामो मुका राहतो. दुकानदाराला व्होल्ट माहीत असतात, ही गोष्ट माहीत नसते. मला माहीत असून मी तपासली नव्हती. कार्बन उचलून धरायचे, फील्डच्या वायरीपासून बॉडीपर्यंत मीटर लावायचा, मग उचलून धरलेल्या प्लस कार्बनच्या पट्टीपर्यंत लावायचा. जिकडे काही ओहम दाखवेल ती पद्धत. पाच मिनिटांचं काम.

मूळ कटाउट मिस्त्रीनं फेकला नव्हता, एका पत्र्याच्या डब्यात खिळ्यांबरोबर पडला होता. झाकण काढलं तर आत दोन कॉइल, दोन पॉइंट आणि खाली एक तारेचा रेझिस्टर, त्याची एक कडी तुटलेली. कॉइल दोन्ही जिवंत होत्या. पॉइंट अगदी बारीक घासकागदाच्या पट्टीनं साफ केले, रेझिस्टर मोजून त्याच ओहमचा आणि जास्त वॅटचा नवा डाग दिला. मग सेटिंग. कटाउटच्या पॉइंटमध्ये कागदाची चिठी सरकवायची, म्हणजे इग्निशन बॅटरीवर चालतं आणि डायनामो बॅटरीपासून सुटा राहतो. मीटर डायनामोच्या वायरीवर. स्प्रिंगचा कान हलकेच वाकवत 7.4 व्होल्टवर आणलं. चिठी काढल्यावर आणि हेडलाइट लावल्यावर बॅटरीवर 7.1 उरले. कटाउट साधारण 6.6 ला टिचकन जोडला जातो. ती टिच कानाला ऐकू येते.

वाइंडिंगनंतर आणि इतकी वर्षं पडून राहिल्यावर पोलमधलं उरलंसुरलं चुंबकत्वही गेलेलं असू शकतं, म्हणून सुरुवातीला फील्डला क्षणभर बॅटरी दाखवावी लागते, आणि ती योग्य दिशेनं. उलटी दाखवली तर डायनामो उलटा भरतो आणि कटाउटचे पॉइंट वितळून चिकटतात. मी वायरीवर लाल टेप गुंडाळून तीनदा खात्री केली.

बॅटरीची गोष्ट सोपी निघाली. लहान मुलांच्या बसायच्या गाड्यांत 6 व्होल्ट 12 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. ती जुन्या काळ्या बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात जेमतेम मावली. सीलबंद बॅटरीला जास्त चार्ज सोसत नाही, म्हणून 7.1 वरच थांबलो. मामांचा मिस्त्री आठवर नेऊ म्हणत होता.

गरम झाली की बंद

पंधरा-वीस किलोमीटरनंतर बंद पडणं हे पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरचंच लक्षण होतं. पॉइंटमध्ये पिवळी जाड ठिणगी, पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा. मिस्त्रीनं तीन नवे कंडेन्सर बदलले होते. तिन्ही थंड असताना मीटरवर बरोबर, हेअर ड्रायरनं तापवले की दोन गळायला लागले.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत 0.22 मायक्रोफॅरड 630 व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. जुन्या कंडेन्सरचा पत्र्याचा डबा पोकळ करून त्यात तो बसवला, वर एपॉक्सी भरली. पॉइंटची गॅप 0.4 मिलिमीटर ठेवली. मामांनी एकदम सांगली गाठली आणि तिथून फोन केला. सांगली जवळच आहे, म्हणून मी त्यांना न थांबता तसंच परत यायला सांगितलं. आले.

रंगानं खाल्लेला उजेड

हेडलाइटचा बल्ब 6 व्होल्ट 35 वॅटचा, म्हणजे जवळपास 6 अँपिअर ओढणारा. एवढा करंट जाताना वाटेत थोडाही अडथळा चालत नाही. बॅटरीवर मीटर 6.2 दाखवत होता, बल्बच्या होल्डरवर 5. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तिप्पट-चौपट वेगानं पडतो. सव्वा व्होल्ट वाटेत गेला की निम्म्याहून जास्त उजेड गेला. 12 व्होल्टच्या गाडीत तेवढीच गळती झाली तर फरक जाणवतो, पण रस्ता दिसतो.

गळती कुठं आहे ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरं टप्प्याटप्प्यानं पुढे नेलं. स्विचच्या अलीकडे 0.1, स्विचच्या पलीकडे 0.4. बाकीचं अर्थच्या बाजूनं. गाडी रंगवताना चेसिसला पावडर कोटिंग केलं होतं, छान जाड आणि चिवट. हेडलाइटचा अर्थ तिथं पत्र्यातून जायचा, आता तो रंगाच्या थरामुळं अडलेला. करंट बिचारा हँडलच्या कप-कोनमधल्या ग्रीसमधून वाट काढत होता. हँडल वळवलं की दिवा मिणमिणायचा तो त्यामुळं. हे मी पाचेक रंगवलेल्या गाड्यांत पाहिलंय, आणि दरवेळी मालकानं आधी नवा बल्ब, मग नवा स्विच, मग नवा डायनामो घेतलेला असतो.

होल्डरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर ओढली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून डाग दिला. इंजिनाच्या बोल्टाखालचा रंग गोल खरवडून तिथंही एक जोडली. स्विच खोलून पितळी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं घासल्या. होल्डरवर 5.9 आले.

तरी हिशेब तंग आहे. हेडलाइट 35, मागचा दिवा 5, इग्निशनला दहा-पंधरा. 45 वॅटच्या डायनामोला हे सगळं मिळून जास्तच होतं. हॉर्न आणि ब्रेकचा दिवा त्यावर. रात्री सिग्नलला उभं राहिलं की बॅटरी खाली जाते, पुढे चालताना भरून येते. दिवसा काही प्रश्न नाही. मागच्या दिव्यात 6 व्होल्टचा एलईडी घालायचा का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "त्याचा लाल वेगळा दिसतो."

सध्या गाडी 1,400 किलोमीटर झाली आहे. परवा डायनामोचं झाकण काढून पोल पुन्हा बघितला. चंद्रकोरीवर तांबूस साय धरायला लागली आहे, म्हणजे तिथं काही टेकत नाही. कार्बन एक मिलिमीटरही झिजलेला नाही. आयडलवर लाल दिवा मंद मिणमिणतो आणि थ्रॉटल जरा ओढलं की विझतो. मामा गाडी बाहेर काढताना हे दोनदा करून बघतात, एकदा फाटकाच्या आत आणि एकदा बाहेर.